पिवळ्याशी पिवळं जुळत नाही

गेल्या वर्षी एका शनिवारी मी पुण्यात आर्ट जर्नलच्या कार्यशाळेला गेले होते. विषय होता 'एक रंग, एक पान'. ठरलेल्या रंगाचे कागद कापायचे, फाडायचे आणि वहीच्या एका पानावर चिकटवायचे. दुसरा रंग शक्यतो येऊ द्यायचा नाही. आमच्या वाट्याला पिवळा आला होता. हे आठवडाभर आधी कळलं होतं, म्हणून मी घरातून पिशवी भरून पिवळं घेऊन गेले. हळदीचं रिकामं पाकीट, बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन, चुलतबहिणीची लग्नपत्रिका, हार्डवेअरच्या दुकानातल्या पावतीची पिवळी प्रत, फाटक्या पतंगाचा कागद, ऑफिसातल्या स्टिकी नोट्स आणि आजीच्या ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला वर्तमानपत्राचा एक ताव.

तिथे प्रत्येकीच्या जागेवर एक किट ठेवलेलं होतं, शुल्कातच धरलेलं. मोहरी रंगाची वॉशी टेप, सूर्यफुलांचे स्टिकर, चार छटांचे जाड कागद आणि 'व्हिंटेज' म्हणून छापलेले तुकडे: फ्रेंचमधलं कुणाचं तरी पत्र, कुठल्याशा रेल्वेचं तिकीट, वनस्पतिशास्त्राच्या जुन्या पुस्तकातली फुलं. शिकवणाऱ्या बाईंनी माझी पिशवी पाहिली आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "हे आपण बाजूला ठेवू या का? यातले पिवळे एकमेकांशी जुळत नाहीयेत. आणि हे बिस्किटाचं जरा लाउड होतंय."

मी पिशवी बाजूला ठेवली आणि किटमधून पान केलं. छान झालं. सगळ्यांचंच छान झालं. शेवटी फोटोसाठी बारा वह्या जमिनीवर मांडल्या, तेव्हा त्यातली माझी कोणती हे मला पटकन ओळखता येईना.

हा लेख त्या बाईंविरुद्ध नाही. त्या मनापासून शिकवत होत्या आणि कागद कसा फाडला की कड पांढरी राहते, कसा फाडला की राहत नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. माझं भांडण 'जुळत नाहीत' या दोन शब्दांशी आहे. एका रंगाचं पान हे जुळणीचं काम आहे, असं सगळीकडे शिकवलं जातं. व्हिडिओंत, किटच्या खोक्यांवर, कार्यशाळांत. मला वाटतं हे साफ चूक आहे. पिवळ्याशी पिवळं जुळत नाही, हे दिसावं म्हणून तर एका रंगाचं पान करायचं असतं. आधीच जुळवून आणलेले कागद चिकटवणं म्हणजे कोडं सोडवून झाल्यावर उत्तर सुवाच्य अक्षरात उतरवून काढणं.

*

माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे रंग म्हणजे आकडा ही सवय मला आहे. स्क्रीनवर शुद्ध पिवळा हवा असेल तर मी हॅशचं चिन्ह टाकते, मग चार वेळा एफ, मग दोन शून्यं. म्हणजे लाल पूर्ण, हिरवा पूर्ण, निळा शून्य. या पद्धतीने १,६७,७७,२१६ रंग सांगता येतात आणि मी पुण्यात लिहिलेला आकडा बंगळुरूच्या सहकाऱ्याकडे तोच राहतो. कामाच्या दृष्टीने ही फार सोयीची गोष्ट आहे. पण माझ्या फोनच्या पडद्यावर पिवळा असा नसतोच. लाल आणि हिरवे बारीक दिवे शेजारी-शेजारी पेटतात आणि हे पिवळं आहे असं आपला मेंदू ठरवतो.

कागदावरचा पिवळा मात्र कुणीतरी आणून लावलेला असतो. वर्तमानपत्राच्या दसरा पुरवणीतला झेंडूचा फोटो भिंगाखाली धरा. पिवळे ठिपके दिसतील आणि त्यांच्यात मॅजेंटाचे, म्हणजे गडद गुलाबी शाईचे ठिपके मिसळलेले. त्या मिसळण्यातून झेंडूचा भगवेपणा आलेला असतो. हळदीच्या पाकिटावरचा पिवळा प्लॅस्टिकवर सलग बसलेला आहे. पतंगाचा कागद आरपार रंगलेला असतो, म्हणून खिडकीशी धरला की उजेडच पिवळा होतो. पावतीची पिवळी प्रत पिवळी आहे ती सौंदर्यासाठी नाही. दुकानदाराची कोणती आणि गिऱ्हाइकाची कोणती हे न वाचता कळावं म्हणून. स्टिकी नोट पिवळी का, तर प्रयोग चालू होते तेव्हा शेजारच्या प्रयोगशाळेत पिवळ्या कागदाचे उरलेले तुकडे पडले होते, असं ती बनवणारी थ्रीएम कंपनीच सांगते. म्हणजे आमच्या ऑफिसातल्या भिंतींवर आज जो पिवळा चिकटलेला आहे, तो मुळात रद्दीतून आलेला.

हे सगळे पिवळे आहेत आणि यातले कोणतेही दोन सारखे नाहीत. मराठीला हे ठाऊक आहे. साडीच्या दुकानात आपण लिंबू, हळदी, आंबा असे वेगळे रंग मागतो. एक गोष्ट पिवळीजर्द असते, दुसरी पिवळीधमक आणि तिसरी नुसतीच पिवळट. ही नावं एका पट्टीवर क्रमाने लावता येत नाहीत, कारण प्रत्येकामागे वेगळी वस्तू उभी आहे.

जोसेफ अल्बर्स या चित्रकार-शिक्षकाने १९६३ साली 'इंटरॅक्शन ऑफ कलर' हे पुस्तक काढलं. लाल म्हटलं की पन्नास ऐकणाऱ्यांच्या मनात पन्नास लाल येतात, इथपासून ते सुरू होतं. अल्बर्स रंग शिकवायला रंगाच्या नळ्यांऐवजी कागद वापरायचे आणि तो कुठे मिळेल हेही सांगायचे: छापखान्यातल्या आणि बाइंडरकडच्या कापलेल्या पट्ट्या, वेष्टनांचे कागद, मासिकांतल्या जाहिराती. जगात रंग शिकवणाऱ्या सर्वांत नावाजलेल्या शिक्षकांपैकी एक माणूस विद्यार्थ्यांना रद्दीकडे पाठवत होता. त्यांचा मुद्दा होता की रंग एकटा कधी दिसत नाही, शेजाऱ्यासकट दिसतो.

हे घरी करून बघता येतं. आजीच्या ट्रंकेतला तो ताव मी खाकी पाकिटाशेजारी ठेवला तेव्हा तो पिवळा दिसला. लिंबू रंगाच्या पतंगाशेजारी ठेवला तेव्हा तपकिरी झाला. आणि पतंगाचा कागद हळदीच्या पाकिटाला लावला तेव्हा तो हिरवट वाटायला लागला, एकटा असताना त्यात हिरवं औषधाला नव्हतं. माझी पूर्ण संध्याकाळ यात गेली. कोणता तुकडा कुणाशेजारी गेला की कोण दबतं, कोण उठून दिसतं, कोण आपलं पिवळेपण गमावून बसतं, हेच एका रंगाच्या पानाचं खरं काम आहे. किटमधल्या चार छटा एकाच कुटुंबातून निवडलेल्या असतात. त्या कशाही ठेवल्या तरी बरं दिसतं, त्यामुळे कुणाला कुठे ठेवायचं याचा निर्णय घ्यावाच लागत नाही. निर्णय घ्यावा लागत नसेल तर त्या पानावर आपण नेमकं काय केलं?

*

त्यातही माझा खरा राग 'व्हिंटेज'वर आहे.

कागद पिवळा का पडतो? वर्तमानपत्राचा स्वस्त कागद लाकडाचा लगदा दळून केलेला असतो आणि त्यात लिग्निन राहून जातं. लाकडाला कणखरपणा देणारा हा घटक. उजेड आणि हवा लागली की त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि कागद आधी पिवळा, मग तपकिरी होत जातो. चांगल्या कागदातून लिग्निन काढून टाकतात, म्हणून तो बराच काळ पांढरा राहतो. थोडक्यात, पिवळा हा स्वस्त कागद आपला आपणच कमावतो.

छापलेला पिवळा नेमका उलट वागतो. उन्हात लावलेलं जुनं पोस्टर आठवा: सलूनच्या काचेवरचा नट किंवा रसवंतीगृहाच्या दारावरची फळं. काही वर्षांत सगळं निळं पडतं. कारण पिवळी आणि मॅजेंटा शाई उन्हात आधी उडते, निळी आणि काळी मागे राहते. हळदीचंही तेच. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांवर लावलेलं हळदीचं बोट उजेडात फिकं होत जातं. म्हणजे खऱ्या पिवळ्या पानावर दोन उलट गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात. शाईतला पिवळा निघून चाललेला असतो आणि कागदातला पिवळा येत असतो. मला तरी एका पानात यापेक्षा जास्त काही नको.

आता किटमधलं व्हिंटेज पाहा. अ‍ॅसिड नसलेल्या, सहजी पिवळा न पडणाऱ्या पांढऱ्या कागदावर, पिवळ्या पडलेल्या कागदाचं चित्र छापलेलं असतं. डाग छापलेले, घड्या छापलेल्या, फाटलेली कड छापलेली. आणि म्हातारपण कुणाचं? फ्रान्समधल्या कुणाचं तरी. माझ्या घरात फ्रेंच पत्र कधी आलं नाही. आलं ते आंतरदेशीय पत्र, मनीऑर्डरची पावती आणि कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड. आजीच्या ट्रंकेतल्या तावावर कांद्याचे भाव आहेत, एका नाटकाची जाहिरात आहे, एक निविदा सूचना आहे आणि मधोमध ट्रंकेच्या कडेचा गंज लागून उठलेली सरळ रेघ आहे. असा खरा जुना कागद आपण किलोवर रद्दीत घालतो आणि मग जुनेपणाचं चित्र काही शे रुपयांना विकत आणतो. यात कुणाला गंमत वाटत असेल तर वाटो, मला लाज वाटते. दुसऱ्याचं म्हातारपण सुंदर आणि आपल्या आजीच्या ट्रंकेतलं 'लाउड', हे आपल्याला कुणी शिकवलं?

टिकाऊपणाचा मुद्दा खरा आहे, तो मान्य करते. वर्तमानपत्राचा कागद शेजारच्या कागदालाही पिवळा करतो. जे जपायचंच आहे ते अ‍ॅसिड नसलेल्या कागदावर करावं. पण वहीतल्या पानाने अमर व्हावं अशी सक्ती कुणी केली आहे? पान बदलत गेलं तर बिघडलं असं धरायची गरज नाही.

*

एका रंगाचं पान महाराष्ट्राला नवीन नाही. खरं तर आपल्याकडे ते लाखोंच्या खपाचं आहे. दरवर्षी नवरात्रात वर्तमानपत्रांत एकेका रंगाची पानं येतात. आज पिवळा असला की बँकेतल्या, शाळेतल्या, दवाखान्यातल्या, सोसायटीतल्या बायका पिवळ्या साड्या नेसून रांगेत उभ्या राहतात, फोटो पाठवतात आणि दुसऱ्या दिवशी ते फोटो एकमेकांना चिकटून छापून येतात. हे कोलाजच आहे. ही प्रथा पुराणांतून आलेली नाही. चालू शतकाच्या पहिल्या काही वर्षांत मराठी वर्तमानपत्रांनी ती रुजवली. रंग बहुतेक वारावरून ठरतो, पिवळा बहुधा गुरुवारचा. आमच्या ऑफिसात यादीची ईमेल येते आणि ज्या दिवशी तुमच्याकडे त्या रंगाचं काही नसतं त्या दिवशी फोटोत तुम्ही कडेला उभ्या राहता.

या पानाची टर उडवणं सोपं आहे आणि ती भरपूर उडवलीही जाते. माझी तक्रार फक्त हुकमाबद्दल आहे. रंग कुणीतरी ठरवतं, बाकीच्यांनी जमवायचा, न जमला तर बाजूला व्हायचं. किटचंही हेच चालतं. पण त्या छापील पानाकडे नीट पाहिलं तर हुकमात न बसणारं काहीतरी दिसतं. कुणाची साडी लिंबू रंगाची आहे, कुणाची हळदी, कुणाची आंब्याची, एकीने पिवळं नाही म्हणून ड्रेसवर फक्त ओढणी घेतली आहे, एकीची साडी धुऊन धुऊन पिवळट झाली आहे. यादीत 'पिवळा' एकच होता; माणसांनी आणले ते वीस निघाले. ते पान जिवंत वाटतं ते या वीसांमुळे. उद्या वर्तमानपत्राने सगळ्यांना एकाच तागाच्या साड्या वाटल्या तर ते पान कुणी पाहणार नाही.

*

आता माझ्या पिशवीत नसलेल्या पिवळ्याबद्दल. या लेखाचं मूळ कारण तोच आहे.

१९९९ साली महाराष्ट्रात तीन रंगांची रेशनकार्डं आली. वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न पंधरा हजारांपर्यंत असेल तर पिवळं, त्यावर एक लाखापर्यंत केशरी आणि त्याहून जास्त असेल तर पांढरं. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी आजीचं कार्ड पिवळं होतं. वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्याला आले, आमचं केशरी झालं. सुट्टीत गावी गेलं की रेशनच्या रांगेत मी आजीबरोबर उभी राहायची. "पिवळं हाय म्हणून मिळतंय," आजी म्हणायची, आणि कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी कापडी पिशवीत, ती ट्रंकेत. तिच्या ऑपरेशनच्या वेळी सरकारी आरोग्य योजनेच्या खिडकीवर पहिला प्रश्न आला तो आजाराचा नव्हता. "कार्ड कुठलं? पिवळं की केशरी?"

मला नोकरी लागली तेव्हा माझा पहिल्या महिन्याचा पगार आजीच्या कार्डावरच्या वर्षभराच्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट होता.

हा रंग मी कुठल्या छटेशी जुळवू? पिवळा म्हणजे ऊन, उत्साह, आशा, असं किटच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. माझ्या घरात पिवळा म्हणजे पात्रता होती. पिवळा म्हणजे मुलीचे हात पिवळे करायची घाई होती. पिवळा म्हणजे काविळीत डोळ्यांत उतरलेला रंग होता आणि भाजीत जरा जास्त पडलेली हळद होती. यातलं ऊनही खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण पानावर फक्त ऊन ठेवायचं आणि बाकीचं जुळत नाही म्हणून बाजूला सारायचं, हे मला आता जमत नाही.

आजी गेली तेव्हा ट्रंक आमच्याकडे आली आणि कार्ड काकांकडे राहिलं. ते लागतं. कार्ड कापून वहीत चिकटवावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही. त्याची रंगीत झेरॉक्स काढायला मी दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "कलर कशाला? ब्लॅक अँड व्हाइट चालतंय की सगळीकडे." खरंच आहे. फाइलमध्ये जाते ती प्रत काळीपांढरी असते, रंग बघायला खिडकीवर मूळ कार्ड मागतात. रंगीत प्रत निघाली ती मूळ रंगाहून फिकी आणि जराशी हिरवट. तीच मी वापरली. नाव आणि क्रमांकावर हळदीच्या पाकिटाची पट्टी लावली.

त्या प्रतीत आणखीही एक पिवळा असू शकतो. कित्येक रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक पिवळे ठिपके छापतात. २००५ साली अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने झेरॉक्सच्या एका प्रिंटरच्या ठिपक्यांची सांकेतिक भाषा उलगडली: छपाईची तारीख, वेळ आणि यंत्राचा क्रमांक. पांढऱ्यावर सहज दिसत नाही म्हणून पिवळा. नोंद ठेवायला, माणसं वेगळी करायला, प्रती ओळखायला कागदावरचा रंग सर्रास वापरला जातो. तो फक्त मूड दाखवायला असतो, असं समजणारे बहुधा आम्ही छंदवालेच.

*

माझ्याशी वाद घालणाऱ्या मैत्रिणीचं म्हणणं असं: "अगं, दिवसभर मीटिंगा करून माणसं थकून येतात. दोन तास छान कागद चिकटवून डोकं शांत होत असेल तर तू त्यात रेशनकार्ड कशाला आणतेस?" मला हे उडवून लावता येत नाही, कारण मीही तशीच सुरुवात केली. रात्री-अपरात्री सर्व्हर पडल्याचे फोन यायचे, त्यानंतर झोप यायची नाही, म्हणून मी कात्री हातात घेतली. शांत वाटणं हा गुन्हा नाही. पण शांतता दोन प्रकारे येते. एक, खुपणारं सगळं समोरून काढून टाकलं की. ती मला माझा फोन रोज देतो, मला आवडेल तेवढंच दाखवून. दुसरी, खुपणाऱ्या गोष्टी हातात घेऊन त्यांना कुठे जागा आहे हे शोधताना. ही यायला वेळ लागतो, पण पान संपल्यावरही ती काही दिवस टिकते, असा माझा अनुभव आहे.

दुसरा आक्षेप लिहिणाऱ्या-चित्रं काढणाऱ्या मित्रांचा. हा मुलींचा टाइमपास आहे, याला कला कशाला म्हणायचं. त्यांच्यासाठी हाना ह्योख. बर्लिनच्या दादा गटातली ही चित्रकार उलश्टाइन या प्रकाशनसंस्थेत भरतकाम आणि लेसचे नमुने काढायची नोकरी करत होती. ते नमुने, मासिकांतले फोटो, शीर्षकं कापून तिने कोलाज केले. दादा चळवळीतले हान्स रिश्टर यांना पुढे आठवणी लिहिताना तिने बैठकींना पुरवलेली सँडविच, बिअर आणि कॉफी आठवली. आज त्या गटाची गोष्ट तिच्याशिवाय सांगता येत नाही. त्याच काळात कुर्ट श्विटर्स ट्रामची तिकिटं आणि वेष्टनं चिकटवत होते. त्यांच्या कामाचं 'मेर्त्स' हे नावही एका बँकेच्या जाहिरातीतला 'कोमेर्त्स' हा शब्द कापून उरलेलं. आणि आपल्याकडे शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी. १९५०च्या दशकात त्यांची दृष्टी पूर्ण गेली, त्यानंतर त्यांनी रंगीत कागद कापून चित्रं केली. ज्याला रंग दिसत नाही त्याने रंगीत कागद का घ्यावा? मी लावलेलं उत्तर असं की कागदाला जाडी असते, कड असते, खरखर असते, आणि हाताला त्यातलं बरंच कळतं. किटमधले सगळे कागद मात्र एकाच जाडीचे असतात.

तिसरा आक्षेप माझाच माझ्यावर आहे आणि तो सर्वांत अवघड आहे. रद्दीचं कौतुक करणं ही विकत घेऊ शकणाऱ्या माणसाची चैन आहे. आजीने वेष्टनं घडी घालून ठेवली ती सुंदर होती म्हणून नव्हे, उद्या लागतील म्हणून. पुण्यात कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना १९९३ पासून आहे. ज्यांचं पोट कागदावर आहे त्यांच्याकडे पांढऱ्याचा ढीग वेगळा, रंगीतचा वेगळा, पुठ्ठ्याचा वेगळा. तिथे रंग म्हणजे भाव. मी चार तुकडे वहीत चिकटवून कशाचाही उद्धार केलेला नाही. म्हणून 'टाकाऊतून टिकाऊ' हे शाळेतलं वाक्य मी या कामाला लावत नाही. माझा दावा छोटा आहे. घरात जो कागद आला तो कुणी ना कुणी, काही ना काही कारणाने आणला होता. एका रंगाचं पान केलं की ती कारणं शेजारी-शेजारी येतात. विकतच्या कागदाला एकच कारण असतं: मला पान करायचं होतं.

*

तेव्हा ज्यांना हे करायचं आहे त्यांना माझं सांगणं असं. एक रंग घ्या आणि महिनाभर त्या रंगाचं काहीही विकत आणू नका. घरात आपसूक काय येतं ते एका पाकिटात टाकत राहा. प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलीने लिहा: कुठून आला, कधी आला, कुणी आणला. काही रंग येणारच नाहीत. जांभळा माझ्या घरात महिन्याभरात दोनदाच आला, दोन्ही वेळा चॉकलेटच्या वेष्टनावर. निळा मात्र इतका आला की पाकीट बंद होईना: दुधाची पिशवी, औषधाचा पुठ्ठा, बँकेची पत्रं. कोणता रंग कुणाच्या घरी येतो आणि कुणाच्या घरी येत नाही, हेही बघण्यासारखं आहे. मग चिकटवायला बसा. दोन तुकडे जुळले नाहीत तर त्यातला एक काढून टाकू नका. त्यांच्या मध्ये तिसरा काय ठेवता येतो ते शोधा, किंवा तसेच राहू द्या.

कार्यशाळेतलं पान आणि नंतर घरी केलेलं पान, दोन्ही माझ्या वहीत समोरासमोर आहेत. या गोष्टीला आता आठ महिने झाले. मध्ये मी दुसऱ्या पानाचा फोटो त्या बाईंना पाठवला होता. त्यांनी लिहिलं, "अजूनही जुळत नाहीये. पण ते कार्ड कोणाचं?" मी सांगितलं. मग बराच वेळ त्यांचं उत्तर आलं नाही, आणि नंतर आलं ते त्यांच्या आईच्या कार्डाबद्दल होतं. तेही पिवळंच होतं.

वही बहुतेक वेळ टेबलावर उघडीच असते, खिडकीपाशी. डावीकडचं पान होतं तसंच आहे. उजवीकडे पत्रिकेवरचं हळदीचं बोट जवळजवळ दिसेनासं झालं आहे आणि ट्रंकेतला ताव आणखी गडद झाला आहे. पतंगाच्या कागदाशेजारी तो आता पिवळा म्हणता येणार नाही. मी तो काढलेला नाही.